साक्षीची इंग्रजी आणि गिऱ्हाइकाची इंग्रजी

मोबाइलवर इंग्रजी शिकण्याचे युग येणार, असे अजूनही भाषणांतून सांगितले जाते. वस्तुतः ते येऊन जुने झाले आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. मार्च २०२० च्या टाळेबंदीने शाळा-कॉलेजे बंद पडली आणि घरातला एकुलता फोन हाच फळा झाला. लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी बी. ए.ला येणारा विद्यार्थी यूट्यूबवरचे इंग्रजीचे धडे, ड्युओलिंगोसारखे ॲप आणि गूगलचे भाषांतर यांतून गेलेला असतो. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे; म्हणजे बारा वर्षे शाळेची आणि वर ही साधने. तरीही वर्गात उभे राहून स्वतःविषयी इंग्रजीत पाच वाक्ये बोलायची म्हटली की त्याची मान खाली जाते. त्याला आळशी म्हणून मोकळे होणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ही साधने कोणती इंग्रजी शिकवतात आणि त्या इंग्रजीत या विद्यार्थ्याला जागा आहे काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

आधी या साधनांचे देणे मान्य केले पाहिजे. आपल्या मुलाने वर्गात 'इस्कूल' म्हटले की मागच्या बाकावरून हसू येते, आणि कधी कधी ते हसू खुर्चीतूनही येते. यंत्र हसत नाही. ते आडनाव विचारत नाही, गाव विचारत नाही, एकच शब्द पन्नास वेळा ऐकवताना वैतागत नाही. एकेकाळी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघर होती असे सांगतात. ते 'घरोघर' म्हणजे ज्या घरांत पुस्तके होती ती घरे. आज शेतमजुराच्या घरात फोन आहे. गूगलच्या भाषांतरात २०१३ साली मराठी आली. २०१९ साली निघालेल्या आणि पुढे 'रीड अलाँग' या नावाने चालू राहिलेल्या गूगलच्या वाचन-ॲपमध्येही मराठी आहे. ज्याच्या घरात इंग्रजी जाणणारे कोणीच नाही, त्याला हा आधार लहान नव्हे. जो ही साधने सरसकट नाकारतो, त्याच्या घरात बहुधा इंग्रजी आधीच येऊन बसलेली असते.

परंतु आपल्या परंपरेत इंग्रजी कशासाठी आली, हे विसरून चालणार नाही. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन मांडले ते इंग्रजीत. आपला अनुभव कोठला आणि किती हे आधी सांगून, शेतकऱ्याच्या करातून उभा राहिलेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर कसा खर्च होतो, हे त्यांनी सरकारला ऐकवले. १९१९ साली बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, १९२८ साली सायमन कमिशनपुढे, आणि १९३० पासून गोलमेज परिषदांत तेच काम केले. त्याच बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले ते मराठीत. आपल्या माणसांशी मराठीत आणि सत्तेशी तिला टाळता येणार नाही अशा भाषेत बोलायचे, ही ती वाटणी होती. या इंग्रजीला मी साक्षीची इंग्रजी म्हणतो. साक्षीदाराला आधी काही सांगायचे असते. मग तो भाषा शोधतो. आणि त्याला उलटतपासणीला तोंड द्यावे लागते.

मराठवाड्याला तर हे अधिक कळायला हवे. १९४८ पर्यंत येथील कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवीत होते. त्यानंतर प्रमाण मराठी आली, मग वरच्या जागांसाठी इंग्रजी. आपल्या आजोबांचा अर्ज नेहमी दुसऱ्यानेच लिहिला. त्यांनी खाली अंगठा उठवला. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढले, पुढे तेच मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. अंगठ्याच्या जागी सही यावी आणि सहीच्या वरचा मजकूरही सही करणाराचाच असावा, हा अशा शिक्षणाचा अर्थ आहे.

आता ॲपची इंग्रजी पाहा. शब्दांच्या जोड्या लावा, गाळलेली जागा भरा, ऐकलेले वाक्य पुन्हा म्हणा. बरोबर आले की घंटा वाजते, गुण मिळतात, सलग किती दिवस आलात याची मोजणी वाढते. वाक्ये असतात विमानतळाची, हॉटेलची, कॉफी मागवण्याची, दुकानात भाव विचारण्याची. ही गिऱ्हाइकाची इंग्रजी आहे, फार तर गिऱ्हाइकाची सेवा करणाऱ्याची. ती वाईट आहे असे मी म्हणत नाही; पोटासाठी तीही लागते. पण या धड्यांतील प्रत्येक वाक्याचे उत्तर यंत्राला आधीच ठाऊक असते. विद्यार्थी उत्तर देतो, बोलत नाही. लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, घोडे-गाढवांचा बाजार भरतो. तो बाजार लहानपणापासून पाहिलेल्या मुलाला त्याविषयी दहा वाक्ये सांगता येतील. पण ती कोणी त्याला विचारतच नाही.

शब्दांचेही तसेच आहे. 'कोयता' म्हणजे शब्दकोशात एक हत्यार. आपल्याकडे कारखान्याला ऊस तोडायला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल त्या कोयत्यावर मिळते आणि एकटा माणूस अर्धा कोयता ठरतो. या एका शब्दात एक अर्थव्यवस्था आहे. तिचे भाषांतर हत्यारात झाले की नवरा, बायको आणि कर्ज तिन्ही पुसले जातात. दलित साहित्याच्या भाषांतरांनाही ही अडचण आली आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. जेरी पिंटोंनी २०१५ मध्ये ते इंग्रजीत नेताना नाव 'बलुतं' हेच ठेवले, आणि इंग्रजी वाचकाला तो शब्द शिकावा लागला. शरणकुमार लिंबाळ्यांचे 'अक्करमाशी' १९८४ चे. इंग्रजीत ते 'द आउटकास्ट' झाले. तोळ्याचे मासे बारा. अकरा माशांचे ते अक्करमाशी, म्हणजे जन्मातच कमी ठरवलेले. तो हिशेब नव्या नावात उरला नाही. माणसाने विचारपूर्वक केलेल्या भाषांतरात जर एवढे गळते, तर फोनवर क्षणात होणाऱ्या भाषांतराकडून काय अपेक्षा ठेवायची?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले तेव्हापासून प्रश्न आणखी गंभीर झाला. आता वाक्य जुळवण्याचेही कारण उरले नाही. मी वर्गात एक साधे काम दिले: शिष्यवृत्ती खात्यावर जमा झाली नाही, अर्ज लिहा. बहुतेकांनी यंत्राकडून लिहून आणले. एकही चूक नव्हती. प्रत्येक अर्ज नम्रतेने सुरू होत होता आणि आभाराने संपत होता. किती रक्कम, कोणत्या वर्षाची, कितीदा खेटे घातले, खिडकीवर काय उत्तर मिळाले, मेसचे पैसे थकल्यावर काय झाले, यातले एक अक्षर नव्हते. विनंती झाली होती, तक्रार नाहीशी झाली होती. अंगठ्याच्या जागी सही आली खरी. पण वरचा मजकूर पुन्हा दुसऱ्याचाच.

यात दोष यंत्राला देऊन सुटता येणार नाही. त्याला जे सांगितले नाही ते ते कोठून लिहिणार? नंतर त्याच विद्यार्थ्यांना मी आधी मराठीत, आपल्या बोलीत, पाच गोष्टी लिहायला लावल्या: तारीख, रक्कम, कोणाला भेटलो, काय ऐकले, काय भोगले. मग त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. यंत्र फक्त शेवटी, चुका दाखवण्यापुरते. अर्ज ओबडधोबड झाले, पण वाचणाऱ्याला उत्तर देणे भाग पडेल असे झाले.

२०१० साली उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात, बांका गावी, चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीचे मंदिर उभारण्याचे काम सुरू झाले. त्यामागची तळमळ मला समजते. पण देवी म्हटली की पूजा आली, आणि पूजेत भक्त मागतो, बोलत नाही. फोनपुढेही आपला विद्यार्थी आज तसाच बसला आहे.

आणि फोन तरी सर्वांचा आहे काय? 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो असे दिसले. पण त्यांतील ५७ टक्क्यांनीच आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता. वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, मुली २६.९ टक्के. भावाने दिला तेवढा वेळ बहिणीची इंग्रजी. म्हणून 'सगळे मोबाइलवर आहे' असे सांगून जे कॉलेज इंग्रजीची जागा रिकामी ठेवते, ते या मुलीचा वर्गच काढून घेते.

आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. उच्चार, शब्द, सराव यांसाठी साधने खुशाल वापरावीत. पण आठवड्यात एक तास तरी असा हवा की ज्यात विद्यार्थी आपल्या गावचे, आपल्या घरचे काही इंग्रजीत सांगेल आणि समोरचा माणूस त्याला उलट प्रश्न विचारील. कोयता कोयताच राहू द्यावा. ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ विचारावा आणि मुलाने तो समजावून द्यावा. तो समजावताना जी इंग्रजी अडखळत येईल, ती त्याची स्वतःची असेल. हे काम शिक्षकाचे आहे, आणि त्यासाठी शिक्षक नेमलेला असला पाहिजे.