कृपा की करुणा? : 'लव्ह अँड मर्सी : फाउस्तिना' पाहताना

कॅथलिक पंथात ईश्वरी दयेची जी भक्ती आज जगभर पसरली आहे, तिचा उगम एका पोलिश धर्मभगिनीच्या सहा वह्यांत आहे. सिस्टर फाउस्तिना कोवाल्स्का हे तिचे नाव. तिच्यावर मिहाउ कोंद्रात यांनी दिग्दर्शित केलेला 'लव्ह अँड मर्सी : फाउस्तिना' (२०१९) हा चित्रपट मोहाडी येथे काही उपासक-उपासिकांसमवेत पाहण्याचा योग आला. माहितीपट आणि नाट्य यांचे हे मिश्रण आहे. आम्ही पाहिलेली आवृत्ती इंग्रजीत असल्याने तो वारंवार थांबवून अर्थ सांगावा लागला. त्या थांबण्यामुळेच काही प्रश्न उभे राहिले. एरवी ते संगीताच्या ओघात वाहून गेले असते.

फाउस्तिना १९०५ साली एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मली. शाळा जेमतेम तीन वर्षांची. पुढे तिने परक्या घरी मोलकरणीचे काम केले. मठात प्रवेश मागताना दारिद्र्यामुळे तिला नकार ऐकावे लागले. १९२५ साली वॉर्सा येथील मठाने तिला घेतले, पण दुसऱ्या श्रेणीत. शिकलेल्या व संपन्न घरच्या भगिनी पहिल्या श्रेणीत, तर कष्टकरी घरच्या स्वयंपाकघरात, बागेत, दारावर. १९३८ साली क्षयाने ती गेली, तेव्हा तिचे वय अवघे ३३ वर्षांचे होते. दयेचा संदेश ज्या घरात लिहिला गेला, त्याच घरात माणसांच्या दोन पायऱ्या होत्या, ही विसंगती एखाद्या समर्थ दिग्दर्शकाने सोडली नसती. येथे स्वयंपाकघर दिसते, बाग दिसते, परंतु ती पायरी दिसत नाही. कष्ट हे केवळ पावित्र्याचे नेपथ्य होऊन राहतात.

थेरीगाथेतील पुण्णा आठवल्याशिवाय राहत नाही. तीही पाणी भरणारी दासी. थंडीत नदीत बुडून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती जे विचारते, त्यात तिचे दास्य झाकलेले नाही. त्या दास्यातूनच तिचा प्रश्न धारदार झाला आहे. फाउस्तिनेच्या मुखी असा प्रश्न चित्रपटात येत नाही.

चित्रपटाचा बराच भाग तिच्या दर्शनावरून काढलेल्या चित्राने व्यापला आहे. फेब्रुवारी १९३१ मध्ये तिला जे दर्शन झाले, ते १९३४ साली युजिनिउश काझिमिरोव्स्की या चित्रकाराने विल्नियस येथे रेखाटले. फादर मिखाल सोपोच्को यांनी ते काम करवून घेतले. चित्र पाहून फाउस्तिना रडली, कारण पाहिलेले रूप त्यात उतरले नव्हते. तेव्हा तिला जो दिलासा मिळाला, त्याचा आशय असा की चित्राचे मोल रंगात वा कुंचल्यात नाही. हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत हृद्य. मात्र पुढे याच चित्राची मापे तुरीनच्या कफनाशी जुळवून दाखविण्याचा खटाटोप सुरू होतो. मोल जर रंगरेषेत नाही, तर मापे कशासाठी? शिवाय १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी केलेल्या कार्बन परीक्षणात ते कापड सन १२६० ते १३९० च्या दरम्यानचे ठरले होते. कालामांना उपदेश करणाऱ्या तथागतांचे अनुयायी असे पुरावे टाळ्या वाजवून स्वीकारू शकत नाहीत. ज्या भक्तीवर रोमने १९५९ साली बंदी घातली आणि १९७८ साली ती उठविली, तिचा खरा इतिहास या मापांहून कितीतरी अधिक नाट्यमय आहे. २००० साली फाउस्तिनेला संतपद मिळाले.

परंतु आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे. फाउस्तिनेच्या वह्यांत दया केवळ मागायची नसते. कृतीने, शब्दाने वा प्रार्थनेने ती शेजाऱ्यापर्यंत पोहोचवायची असते, आणि कृतीवाचून श्रद्धा व्यर्थ आहे असे तेथे बजावले आहे. चित्रपट या मागणीला, आमच्या मते, फार थोडा अवकाश देतो. त्यामुळे प्रेक्षकाच्या हाती उरते ती वरून झरणारी कृपा, आणि ओंजळ पसरून उभा असलेला मनुष्य. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भगवान बुद्धांना मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटले, यातील भेद येथे स्पष्ट होतो. १९५६ साली नागपुरात त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा पाहावी. तीतही 'दया' हाच शब्द आहे, पण क्रियापद प्रथमपुरुषी आहे. दया करणारा मी आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तर करुणाही पुरेशी मानलेली नाही. तिच्याही पुढे, सर्व जीवांना कवेत घेणारी मैत्री सांगितली आहे.

एवढे म्हटल्यावर आपल्या घरातही पाहिले पाहिजे. चौंडेश्वरीच्या देवळात नवस बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे बोट दाखविणाऱ्या आपल्यापैकी किती जण परीक्षेच्या सकाळी तथागतांच्या प्रतिमेपुढे 'यंदा पास होऊ दे' असे पुटपुटतात? प्रतिमा आपल्याकडेही आहे. तिच्याकडे काय मागतो, तेच तपासण्यासारखे आहे.

चित्रपट संपल्यावर एका वृद्ध उपासिकेने विचारले, "त्या बाईची ताटवाटी वेगळी होती काय?" आम्हाला उत्तर देता आले नाही. पुढील वेळी मापांचा भाग वगळून तेथे थेरीगाथेतील पुण्णेची कथा वाचावी, अशी सूचना तिनेच केली आणि ती सर्वांना पटली.