अंशदायी हयगय आणि न्यायालयाचा संकोच : मेरीलँडमधील एका निकालाचे परीक्षण

ज्याच्या हयगयीमुळे दुसऱ्याच्या शरीरास इजा होते त्याने ती भरून द्यावी, हे अपकृत्यविधीचे मूलतत्त्व होय. परंतु इजा झालेल्याचाही काही दोष असेल तर काय करावे, या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र सारखे नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत वादीच्या दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी केली जाते. मेरीलँड राज्यात मात्र वादीचा दोष कितीही अल्प असला, तरी तो इजेचे निकट कारण ठरताच दावा समूळ बुडतो. हा नियम कायम ठेवणारा २०१३ चा निकाल त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्या वेळी हे न्यायालय ‘कोर्ट ऑफ अपील्स’ या नावाने ओळखले जाई.

खटल्याची हकीकत साधी आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये फुटबॉलच्या सरावास मदत करणारा वीस वर्षांचा एक तरुण उडी मारून गोलाच्या आडव्या दांडीला लोंबकळला. गोल जमिनीस पक्का बांधलेला नव्हता. तो उलटून त्याच्या तोंडावर पडला व चेहऱ्याची हाडे मोडली. प्रतिवादी क्रीडासंस्थेची हयगय झाली, असे ज्यूरीने ठरविले. वादीचीही हयगय झाली, असेही ठरविले. तेवढ्यावरून वादीच्या पदरी काहीच पडले नाही.

या नियमाचा उगम इंग्लंडमधील १८०९ च्या एका निकालात आहे. रस्त्यात आडवा टाकलेला वासा न पाहता भरधाव घोडा नेणाऱ्या स्वाराला तेथे भरपाई नाकारली गेली. मेरीलँडने हे तत्त्व १८४७ मध्ये स्वीकारले. त्याची कठोरता न्यायालयांनाही जाणवत होती. म्हणूनच अपघात टाळण्याची अखेरची स्पष्ट संधी प्रतिवादीस असेल तर वादीचा दोष आड येऊ नये, असा अपवाद निघाला. ज्या नियमाला असे टेकू द्यावे लागतात, त्याच्या न्याय्यतेविषयी शंका स्वाभाविक आहे. खुद्द इंग्लंडने १९४५ च्या कायद्याने तो टाकून दिला.

बहुमताचा युक्तिवाद असा : नियम बदलण्याचा अधिकार न्यायालयास आहे, तथापि विधिमंडळापुढे अनेक विधेयके येऊनही ती संमत झाली नाहीत, यावरून राज्याचे धोरण स्पष्ट होते. १९८३ मध्येही न्यायालयाने हीच भूमिका घेतली होती. हा युक्तिवाद टिकणारा नाही. विधेयक समितीत अडते, वेळेअभावी राहते, हितसंबंधीयांच्या विरोधामुळे मागे पडते; या सर्वांस संमती म्हणणे म्हणजे मौनाला कायद्याचे बळ देणे होय. शिवाय याच न्यायालयाने त्याच १९८३ साली, पतिपत्नींनी परस्परांवर हयगयीचा दावा लावू नये हा जुना न्यायनिर्मित निर्बंध स्वतःच मोडून काढला. तेथे जे साधले ते येथे का साधू नये, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

न्या. हॅरेल यांनी आपल्या विरोधी मतात या नियमास डायनोसॉरची उपमा दिली. मुख्य न्यायमूर्ती बेल त्यांच्याशी सहमत झाले. उपमा मार्मिक आहे. परंतु प्रश्नाची खरी अडचण सहमतीच्या स्वतंत्र मतात दिसते. दोष वाटून द्यावयाचा म्हटले की, अनेक प्रतिवादींची संयुक्त जबाबदारी, त्यांची आपसांतील वसुली, अखेरच्या संधीच्या अपवादाचे स्थान, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. ही अडचण खरी आहे. पण तिच्यावरून बदल विचारपूर्वक करावा एवढेच सिद्ध होते. बदल करूच नये, असे सिद्ध होत नाही. अन्य राज्यांच्या न्यायालयांनी हे प्रश्न खटल्यागणिक सोडविले आहेत.

न्यायालयाने स्वतः घडविलेला नियम अन्याय्य ठरला, तर तो सुधारण्याचे ओझे दुसऱ्यावर टाकण्यास मर्यादाशीलता म्हणता येत नाही. त्या मर्यादेची किंमत इजा झालेल्या तरुणाने एकट्याने भरली; आणि ज्यूरीने दोषी ठरविलेली संस्था मात्र मुक्त राहिली.