तबकडीची एक बाजू

चिकलठाण्याच्या कारखान्यातली पाळी संपली की आमचे चिरंजीव मित्रांना घेऊन घरी येतात नि ‘क्लोज टू द एज’ लावून बसतात. ‘येस’ या इंग्रज वाद्यवृंदाची ही १९७२ ची तबकडी. पहिल्या बाजूवर सुमारे १८ मिनिटांची एकच रचना. दोनदा मी ‘गोंगाट!’ म्हणून उठून गेलो. तिसऱ्यांदा पोरांनी बसवून घेतले. प्रारंभी पाणी नि पाखरे, मग गिटारींचा कल्लोळ, मध्ये संथ गायन, त्यावर ऑर्गनचा जरा अधिकच थाट, नि अखेरीस पुन्हा तीच पाखरे. तो कल्लोळ या परतण्यासाठीच होता, हे तेव्हा उमगले. विलंबित ख्याल अर्ध्यावर सोडणाऱ्याला मी अरसिक म्हणतो. इथे अरसिक मीच ठरलो होतो. रसिकहो, आवडती तबकडी कुणाला ऐकवाल, तर शेवटपर्यंत त्याच्या शेजारी बसा.