गायरानाखालचे स्थानक : बॉस्टनच्या ‘पार्क स्ट्रीट’चा इतिहास आणि रचना – एक चिकित्सा

प्रास्ताविक

भुयारी रेल्वेच्या इतिहासलेखनात ‘पहिले’ या विशेषणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व मिळालेले दिसते. लंडन (१८६३), बुडापेस्ट (१८९६), बॉस्टन (१८९७), पॅरिस (१९००), न्यूयॉर्क (१९०४) ही क्रमवारी सर्वत्र उद्धृत केली जाते आणि अमेरिका खंडातील पहिला भुयारी मार्ग म्हणून बॉस्टनच्या ट्रेमाँट स्ट्रीट भुयाराचा गौरव होतो. या भुयाराचे मूळ टोक म्हणजे पार्क स्ट्रीट स्थानक. बॉयलस्टन ते पार्क स्ट्रीट या भागाला १९६४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. तथापि स्थानक ही वास्तू कोण पहिले आले यावरून जोखावयाची नसते. तेथे रोज गाडी बदलणाऱ्या माणसाला ती कसे वागवते, हा तिच्या मूल्यमापनाचा खरा निकष होय. प्रस्तुत लेखात या निकषावर पार्क स्ट्रीटची रचना तपासण्याचा आणि तिच्यावरील उपलब्ध इतिहासलेखनाची मर्यादा दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

या लेखनातील तीन ग्रंथांचा येथे विशेष उल्लेख करावा लागेल. ब्रायन कडही यांचा ‘चेंज ॲट पार्क स्ट्रीट अंडर’ (१९७२), चार्ल्स चीप यांचा ‘मूव्हिंग द मासेस’ (१९८०) आणि डग मोस्ट यांचा ‘द रेस अंडरग्राउंड’ (२०१४). मोस्ट यांनी बॉस्टन आणि न्यूयॉर्क या शहरांमधील चढाओढ, तसेच हेन्री व विल्यम व्हिटनी या दोन भावांच्या कथा यांवर आपली मांडणी उभी केली आहे. ती रंजक आहे, यात शंका नाही; पण शर्यतीच्या रूपकात एकदा अंतिम रेषा ओलांडली की कथा संपते, आणि स्थानकाचे आयुष्य तर तेथूनच सुरू होते. चीप यांचा अभ्यास अधिक भक्कम आहे. खासगी कंपन्या व नगरशासन यांच्या संबंधांचे त्यांनी केलेले विश्लेषण आजही उपयुक्त ठरते. मात्र त्यांचा अभ्यासकाल १९१२ मध्ये, म्हणजे नेमके पार्क स्ट्रीटचे खालचे स्थानक उघडले त्याच वर्षी संपतो. कडही यांनी ग्रंथाच्या शीर्षकातच गाडी बदलण्याची सूचना घातली आहे आणि ही निवड मार्मिक आहे. या स्थानकाचा अर्थ ‘बदला’ या क्रियापदात सामावलेला आहे, हे त्यांनी ओळखले.

जागेचा प्रश्न

‘बॉस्टन कॉमन’ या नावातील ‘कॉमन’ शब्दाला ‘उद्यान’ हा रूढ पर्याय देणे दिशाभूल करणारे आहे. १६३४ पासून ही जमीन गावाच्या सामाईक मालकीची होती आणि तेथे १८३० पर्यंत गुरे चरत. मराठी मुलखातील वाचकाला ‘गायरान’ या शब्दाने हा संदर्भ चटकन उमगेल. गायरानाबाबतचा जो जिव्हाळा आणि जो संशय आपल्या गावांत आढळतो, तोच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये होता : ही जमीन सर्वांची, म्हणून ती कोणालाही देता कामा नये.

दुसऱ्या बाजूला ट्रेमाँट स्ट्रीटची अवस्था असह्य झाली होती. १८८७ मध्ये हेन्री व्हिटनी यांच्या ‘वेस्ट एंड स्ट्रीट रेल्वे’ कंपनीने शहरातील ट्राम कंपन्यांचे एकत्रीकरण केले आणि १८८९ पासून विजेच्या ट्राम धावू लागल्या. घोडा गेला, वेग वाढला, परंतु रस्ता तेवढाच राहिला. ट्रामच्या टपांवरून चालत गेल्यास ट्रामपेक्षा लवकर पोहोचता येईल, असे लोक उपहासाने म्हणत. कॉमनचा कडेचा पट्टा रस्त्यात सामील करावा, ही एक सूचना पुढे आली. ट्राम उंचावरून न्यावी, ही दुसरी. पहिलीत गायरान जात होते, तर दुसरीत रस्त्याचा उजेड. १८९४ च्या कायद्याने बॉस्टन ट्रान्झिट कमिशनची स्थापना झाली आणि जुलै १८९४ मधील सार्वमतात ही योजना थोड्या मताधिक्याने संमत झाली. गिऱ्हाईक जमिनीखालून निघून जाईल या भीतीने ट्रेमाँट स्ट्रीटवरील अनेक व्यापारी विरोधात होते.

भुयाराचा निर्णय हा अशा प्रकारे एक तडजोड होता. ट्राम हटवावी, पण जमीन घेऊ नये. म्हणून जमिनीची पाठ तशीच ठेवून तिच्या पोटात शिरावे. स्थानकाच्या आजच्या रचनेचे मूळ या तडजोडीत आहे, हे मोस्ट यांच्या शर्यतकथेत ठळकपणे येत नाही. हॉवर्ड कार्सन हे मुख्य अभियंता होते. मार्च १८९५ मध्ये खोदकाम सुरू झाले. वरून चर खणावयाचा, पोलादी तुळया व विटांच्या कमानी टाकावयाच्या आणि वर पुन्हा माती लोटावयाची, ही पद्धत प्रामुख्याने वापरली गेली. त्यामुळे भुयार उथळ राहिले. ट्रामला खोल उतरण्याचे कारण नव्हते आणि प्रवाशालाही काही पायऱ्यांपलीकडे उतरावे लागत नव्हते. कामाची किंमत मात्र वेगळ्या रीतीने चुकवावी लागली. बॉयलस्टनजवळच्या जुन्या दफनभूमीच्या कडेने खणताना सुमारे ९०० व्यक्तींचे अवशेष सापडले व त्यांचे पुन्हा दफन करावे लागले. ४ मार्च १८९७ रोजी ट्रेमाँट व बॉयलस्टन रस्त्यांच्या चौकात गॅसचा स्फोट होऊन जीवितहानी झाली.

१ सप्टेंबर १८९७ रोजी मार्ग खुला झाला. भुयार सार्वजनिक पैशातून बांधले गेले आणि कंपनीला २० वर्षांच्या भाडेपट्ट्याने वापरास दिले गेले. ही व्यवस्था चीप यांनी नीट उलगडून दाखविली आहे. मालकी शहराची आणि वापर कंपनीचा, या विभागणीचा लाभ पुढे प्रवाशांना कसा झाला हे यथावकाश येईलच.

वास्तूची भाषा

एडमंड व्हीलराइट यांनी आरेखन केलेली प्रवेशघरे ही या स्थानकाची सर्वाधिक छायाचित्रित बाजू होय. कॉमनच्या कडेला उभी असलेली ही ग्रॅनाइटची लहान घरे त्या काळच्या काही टीकाकारांना थडग्यांसारखी वाटली. शेजारी ग्रॅनरी दफनभूमी, जवळच स्मशानातून काढलेले अवशेष, आणि त्यात हे जड दगडी दरवाजे. तेव्हा ही टीका सुचणे स्वाभाविकच होते. आज त्यांच्याकडे वारसा म्हणून पाहिले जात असल्याने टीकेची धार विसरली गेली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते टीकाकार पूर्णपणे चुकीचे नव्हते. आत पांढऱ्या चकचकीत विटा, विजेचे दिवे आणि हवेसाठी पंखे योजून ‘भुयार म्हणजे अंधार व कोंदट हवा’ ही भीती घालविण्याचा विचारपूर्वक प्रयत्न झाला होता. बाहेरची घरे मात्र नेमकी तीच भीती दगडात कोरून ठेवतात. आतली वास्तू प्रवाशाशी बोलते, बाहेरची नगराच्या प्रतिष्ठेशी.

दोन मजले, दोन युगे

वरच्या मजल्यावर चार रूळ आणि दोन बेटवजा फलाट आहेत. बॉयलस्टनकडून चार रूळ येतात आणि पुढे उत्तरेकडे फक्त दोन जातात (उत्तरेचा भाग सप्टेंबर १८९८ मध्ये उघडला). उरलेल्या जोडीवरील गाड्यांनी येथे वळसा घालून परत फिरावे, अशी योजना होती. म्हणजे पार्क स्ट्रीट हे आरंभापासून एकाच वेळी टोकाचे आणि मधले, असे दुहेरी स्थानक होते. ही दुहेरी भूमिका आश्चर्यकारकरीत्या टिकली. ‘बी’ शाखेच्या गाड्या २०२१ पर्यंत येथूनच परत फिरत. त्यानंतर त्या गव्हर्नमेंट सेंटरपर्यंत जाऊ लागल्या.

१९०१ ते १९०८ या काळात बाहेरच्या रुळांवरून उन्नत रेल्वेच्या गाड्या धावत. त्यांच्यासाठी तात्पुरते उंच लाकडी फलाट उभारले होते आणि ट्रामसाठी जुने बुटके फलाट ठेवले होते. १९०८ मध्ये वॉशिंग्टन स्ट्रीटचे भुयार उघडल्यावर ते काढण्यात आले. सात वर्षांचा हा प्रसंग इतिहासग्रंथांत ओझरता येतो. पण फलाटाची उंची हा तांत्रिक तपशील नसून कोणाला गाडीत चढता येईल हे ठरविणारा निर्णय आहे, हे त्यातून दिसते. लाकडी फलाट निघाले आणि वरचा मजला पुन्हा पायऱ्यांच्या ट्रामकडे गेला. पुढील नव्वद वर्षे तो तेथेच राहिला.

२३ मार्च १९१२ रोजी हार्वर्डहून येणारा केंब्रिजचा मार्ग पार्क स्ट्रीटखाली पोहोचला. हार्वर्ड चौकातील फलकावर पार्क स्ट्रीट आठ मिनिटांवर असल्याची ग्वाही असे. बीकन हिल टेकडीच्या पोटातून आलेला हा मार्ग जुन्या भुयाराखालूनच जाऊ शकत होता. गायरानाच्या पृष्ठभागाला हात न लावण्याच्या पहिल्या निर्णयामुळे वरचा उथळ थर आधीच व्यापलेला होता. म्हणून ‘पार्क स्ट्रीट अंडर’. हा मार्ग १९१५ मध्ये वॉशिंग्टन स्थानकापर्यंत वाढला.

खालच्या मजल्याची रचना ही या स्थानकातील सर्वांत शहाणी गोष्ट आहे आणि तिच्याविषयी सर्वांत कमी लिहिले गेले आहे. दोन रूळ आणि तीन फलाट : एक मध्ये, दोन कडेला. गाडीचे दरवाजे दोन्ही बाजूंनी उघडतात. मधल्या फलाटावरून जिने थेट वरच्या ट्राम फलाटांवर जातात. कडेचे फलाट मुख्यतः बाहेर पडणाऱ्यांसाठी. उतरणारा आणि चढणारा, गाडी बदलणारा आणि घरी जाणारा, यांचे प्रवाह येथे वास्तूनेच वेगळे केले आहेत. सूचनाफलकांवर किंवा पोलिसांवर हे काम टाकलेले नाही. यामागे एक संस्थात्मक कारणही आहे. वरची ट्राम आणि खालची रेल्वे एकाच बॉस्टन एलिव्हेटेड रेल्वे कंपनीकडे होती, म्हणून दोहोंमधला जिना तिकीटघराच्या अडसराशिवाय बांधता आला. न्यूयॉर्कमध्ये प्रतिस्पर्धी व्यवस्थांचे एकीकरण १९४० मध्ये झाले. तोपर्यंत तेथे जवळजवळ असलेली स्थानकेही हिशेबाच्या भिंतीने दुभंगलेली होती. सार्वजनिक मालकी आणि एकच वापरकर्ता या व्यवस्थेचा लाभ प्रवाशांना झाला तो असा.

या रचनेची उणीवही तेथेच आहे. मधल्या फलाटावर जिन्यांनी जागा व्यापली असल्याने गर्दीच्या वेळी फलाटाची प्रत्यक्ष रुंदी फारच कमी उरते. प्रवाह वेगळे केले, पण सर्वांत मोठ्या प्रवाहाला सर्वांत अरुंद वाट दिली, असे म्हणावे लागते. शिवाय जिना उतरू न शकणारा माणूस या आराखड्यात मुळी गृहीतच धरलेला नव्हता. १९९९ मध्ये बुटक्या तळाच्या गाड्या ग्रीन लाइनवर आल्या, तरी रुळांवरून घसरण्याच्या प्रकारांमुळे त्यांचा वापर आरंभी अडखळतच राहिला. अपंग प्रवाशांनी २००२ मध्ये परिवहन प्राधिकरणाविरुद्ध दावा दाखल केला व २००६ मध्ये तडजोड होऊन लिफ्ट व अन्य सुविधांची जबाबदारी प्राधिकरणाने स्वीकारली. स्मारकाचा दर्जा १९६४ चा आणि ही तडजोड २००६ ची. जतन कशाचे करावयाचे हे ठरविण्यास ४२ वर्षांपूर्वीच सुरुवात झाली होती; कोणासाठी, हा प्रश्न न्यायालयात जाऊन विचारावा लागला.

रंग, नावे आणि एक अपूर्ण चौकोन

१९६५ मध्ये केंब्रिज सेव्हन असोसिएट्स या संस्थेने मार्गांना रंगांची नावे दिली. हार्वर्डच्या किरमिजी रंगावरून रेड, उद्यानमालेवरून ग्रीन. नकाशा सुबोध झाला यात वाद नाही. परंतु पार्क स्ट्रीटवर दोन रंगांचा एक ठिपका दिसू लागल्यावर तेथे दोन मजले, दोन फलाटउंची आणि दोन प्रकारच्या गाड्या आहेत, ही वस्तुस्थिती नकाशातून पुसली गेली. ग्रीन मार्गावर तर एकाच ठिपक्यावरून चार शाखांच्या गाड्या सुटतात आणि नवख्या प्रवाशाची गफलत तेथेच होते. १९७८ मध्ये वरच्या मजल्यावर लिली ॲन रोझेनबर्ग यांचे भित्तिशिल्प बसविण्यात आले. त्याच दशकाच्या अखेरीस विंटर स्ट्रीटखालील पादचारी मार्गाने हे स्थानक शेजारच्या वॉशिंग्टन स्थानकाशी (१९८७ पासून डाउनटाउन क्रॉसिंग) जोडले गेले.

ही जोडणी पाहिल्यावर ‘मध्यवर्ती स्थानक’ ही संज्ञाच तपासून घ्यावी लागते. बॉस्टनचे केंद्र एका स्थानकात नाही. पार्क स्ट्रीटला रेड व ग्रीन, डाउनटाउन क्रॉसिंगला रेड व ऑरेंज, स्टेटला ऑरेंज व ब्लू, गव्हर्नमेंट सेंटरला ग्रीन व ब्लू यांची गाठ पडते. चार स्थानकांचा हा चौकोन मिळून एक केंद्र होते. त्यात गर्दी विभागली जाते, हा मोठा गुण. पण समोरासमोरच्या दोन बाजू, रेड आणि ब्लू, कोठेच भेटत नाहीत. मध्यवर्ती महामार्ग जमिनीखाली नेण्याच्या प्रकल्पाच्या वेळी ही जोडणी करण्याचे वचन देण्यात आले होते. ती अद्याप बांधली गेलेली नाही. रेड लाइनवरील चार्ल्स आणि ब्लू लाइनवरील बोडॉइन या स्थानकांमधील अंतर अर्ध्या मैलाहूनही कमी आहे. तरीही केंब्रिजहून पूर्व बॉस्टनला जाणारा प्रवासी पार्क स्ट्रीटला उतरतो, मधल्या फलाटाच्या जिन्याने वर येतो, एका स्थानकापुरती ट्राम धरतो आणि गव्हर्नमेंट सेंटरला पुन्हा खाली उतरतो. मधल्या फलाटावरील त्या अरुंद वाटेत अशा प्रवाशांचीही भर पडते.