तोडा, गारगोटी व टोपी : शब्दसूचींविषयीं एक आक्षेप

जुन्या कागदांच्या छापील प्रतींस जोडलेल्या शब्दसूचींत तोड्याची बंदूक व पथरकला या दोहोंपुढें ‘बंदूक’ एवढाच अर्थ पुष्कळदां दिलेला आढळतो. हा अर्थ चुकीचा नाहीं, पण अपुरा आहे. व या अपुरेपणानें कालनिर्णयाचें एक साधन हातचें जातें, असें आम्हांस वाटतें.

तोड्याच्या बंदुकींत चाप ओढला म्हणजे जळता तोडा धरणारा घोडा कानाजवळील रंजकावर टेकतो. म्हणजे सारें काम बोटाच्या जोरानें होतें. पथरकल्यांत घोडा आधीं हातानें मागें चढवून कमानीस ताण द्यावयाचा. चाप केवळ खांचेंत अडकलेला खटका सोडवितो, कमान घोड्यास पुढें झोंकते, व गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी रंजकांत पडते. टोपीच्या बंदुकींत चापाची रचना बहुतेक हीच. मात्र गारगोटीच्या ठिणगीऐवजीं घोड्याचा आघात टोपीवर होतो.

हा पुरावा दोन्ही बाजूंनीं सारखा लागू पडत नाहीं. तोड्याची बंदूक आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांतही चालू होती. तेव्हां ‘तोडा’ या शब्दावरून कागद जुना ठरत नाहीं. उलट, आघातानें पेटणाऱ्या दारूच्या कळीचें पेटंट फोर्सिथ यानें १८०७ सालीं घेतलें, व टोपी त्यानंतर निघाली. सबब १७६१ च्या पानिपतच्या हकीकतींत टोपीची बंदूक आढळल्यास तो मजकूर, निदान तो शब्द, मागाहूनचा समजावा. नक्कल करतांना संग्राहकांनीं मूळ शब्द बदलूं नये, एवढीच आमची विनंती.