वाळूवरची माणसे

अर्नेस्ट हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' या 1952 च्या कादंबरीला पु. ल. देशपांडे यांनी 1965 साली मराठीत आणले आणि तिचे नाव ठेवले 'एका कोळियाने'. नावातच मौज आहे. कोळी म्हणजे मासे धरणारा, आणि जाळे विणणारा तो आठ पायांचा जीवही कोळीच! शाळेतल्या कवितेतला चिकाटीचा कोळी मराठी वाचकाला लगेच आठवतो. चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परतलेला हा म्हातारा आमच्या धाराशिवकडे, समुद्र नकाशातच पाहिलेल्या पोरांनाही कळतो. पेरलेले उगवले नाही तरी पुन्हा पाभर धरणारी माणसे त्यांनी घरातच पाहिलेली असतात.

माझी तक्रार अनुवादाविषयी नाही. मॅट्रिक झालेल्या मास्तराने ती करूही नये. तक्रार आहे ती या पुस्तकाने आपल्या मनात कायम केलेल्या चित्राविषयी: एक होडी, एक माणूस आणि अथांग पाणी. खुद्द म्हातारा मात्र, तो पोरगा आता सोबतीला हवा होता, असे पुन:पुन्हा म्हणत असतो. त्याच्या एकटेपणाचे कौतुक करताना आपण हे विसरतो.

आपल्या किनाऱ्यावरची जुनी मासेमारी एकट्याची नव्हेच. मालवण-वेंगुर्ल्याकडची रापण घ्या. होडी लांबच लांब जाळे अर्धवर्तुळात सोडीत जाते आणि पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या रांगा वाळूत टाचा रोवून ओढू लागतात. तारली, बांगडे, पेडवे, जे सापडेल ते वाळूवर येते आणि वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, राबणाऱ्या हातांचा वाटा. खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पाग फेकणारा एकटा असतो खरा. पण रापणीत गाव लागतो. आम्हां घाटावरच्या लोकांना हे परके वाटण्याचे कारण नाही. खळ्यावर रास पडली की बलुतेदार जवळ येऊन उभे राहत, तेव्हा शेतकऱ्याचा हात किती सैल सुटतो याकडे सगळ्यांचे डोळे असत. कादंबरी तिथे असते.

तकळी शिवशंकर पिळ्ळे यांना हे उमगले होते. त्यांची 'चेम्मीन' ही मल्याळम कादंबरी 1956 ची. लोक ती करुत्तम्मा आणि परीकुट्टी यांच्या प्रेमासाठी वाचतात, खुशाल वाचोत. मला मात्र तिच्यातला चेंबनकुंजू अधिक मोठा वाटतो. तो परीकुट्टीच्या पैशांवर होडी-जाळे घेतो, आणि मासळी आल्यावर त्यालाच ती द्यावयास नाकारतो. समुद्रातल्या वादळापेक्षा वाळूवरचा हा नकार मला भयंकर वाटतो.

मराठीत चित्रकार प्र. अ. धोंड यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला 'रापण' हे नाव दिले. नाव सुरेखच आहे. पण तिथे जाळ्यात येतात त्या आठवणी. हाताला सोलणारा दोर अजून उपमेच्या बाहेर यावयाचा आहे. आणि आता घाई केली पाहिजे. यांत्रिक ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी आली, तशी रापणीच्या वाट्याची मासळी घटली. गोव्यात तर 1970 नंतरच्या दशकात रांपणकार ट्रॉलरविरुद्ध रस्त्यावर उतरले होते.

कोकणातल्या लेखकांनी सुरूची बने आणि चांदण्यातली पुळण पुष्कळ दाखविली. दोर ओढावयास माणसे कमी पडू लागली, त्या वर्षी जाळेवाल्याने आपला वाटा कमी केला की हातांचा, आणि त्या संध्याकाळी घरोघर काय बोलणे झाले, ते मला आता वाचावयाचे आहे.