अडलेल्या कामाला उणे पाच

कामांची यादी ठेवणाऱ्या अ‍ॅपांना तोटा नाही. बहुतेकांची शोभा रंगांत आणि गोलातल्या बरोबरच्या खुणेत. टास्कवॉरियरकडे असला थाट नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, समोर अक्षरांचा तक्ता येतो, संपले. वापरायला फुकट. पण एक काम दुसऱ्यावर अडून असते, या साध्या गोष्टीची त्याला असलेली समज दाद देण्यासारखी आहे. ती पारखायला कर्जत-खालापूरच्या भातशेतीचा एक खरीप हंगाम त्यात भरून पाहावा.

हा मुलूख भाताचा. कोकण कृषी विद्यापीठाचे कर्जतचे केंद्र भात संशोधनासाठीच ओळखले जाते. कर्जत-३, कर्जत-७ या वाणांच्या नावातच गाव आहे. हंगामाची कामे वरवर सरळ रांगेत दिसतात: राब (रोपांसाठीची जागा) भाजणे, पेरणी, चिखलणी, लावणी, कापणी. यादी करायला बसले की ही रांग फुटते. राब भाजल्यावर पेरणी आणि पेरणीनंतर रोप, ही एक वाट. बांधबंदिस्ती, नांगरणी आणि खाचरात पाणी साठल्यावर चिखलणी, ही दुसरी. दोन्ही वाटा लावणीपाशी येऊन मिळतात. मजूर ठरवणे ही तिसरी वाट, आणि खोपोलीचे कारखाने व कर्जतची फार्महाउसे हाताशी असताना तीच सर्वांत बेभरवशाची.

साध्या यादीत या सगळ्याला एक ते बारा आकडे द्यावे लागतात आणि ते खोटे असतात, कारण बांध आधी की राब आधी, याला काही अर्थ नसतो. टास्कवॉरियर क्रम विचारतच नाही. चिखलणी ५, रोप काढणे ६ आणि लावणी ७ असेल, तर ‘टास्क ७ मॉडिफाय डिपेंड्स:५,६’ एवढे लिहायचे. कशावाचून काय अडेल, तेवढे आपण सांगायचे. क्रम त्यातून आपोआप निघतो. मग ‘टास्क रेडी’ म्हटले की वैशाखात बांध, राब आणि मजूर एवढेच दिसते. लावणी, कापणी यादीत आहेत, पण डोळ्यांसमोर नाहीत.

खरी नजाकत गुणांच्या हिशेबात आहे. प्रत्येक कामाला हे अ‍ॅप निकडीचे गुण देते. तुम्ही स्वतः ‘महत्त्वाचे’ म्हणून ठरवलेल्या कामाला मुळात ६ गुण. ज्या कामावर दुसरे काम अडून आहे, त्याला ८. आणि जे काम स्वतःच अडलेले आहे, त्याला उणे ५. या तीन आकड्यांत एक पक्के मत आहे. कापणी हा हंगामाचा सोहळा, म्हणून तिच्यावर तुम्ही कितीही महत्त्वाची मोहर उमटवा, लावणी झालेली नसेल तर ६ वजा ५, हातात एक गुण. उलट ज्या बांधाच्या डागडुजीकडे कोणी ढुंकून पाहत नाही, ती आठ गुणांनी वर येते. आपल्याला काय मोठे वाटते यापेक्षा कोणाचे काय खोळंबले आहे, याला इथे जास्त किंमत आहे.

साखळीची काळजीही ते घेते. मधलेच काम उरकले किंवा खोडले, तर तुटलेली टोके जोडू का, असे ते विचारते. पेरणी रोपावर आणि रोप पेरणीवर, असा वेढा घातला तर साफ नकार देते.

एवढे कौतुक केल्यावर उणे बाजूही मांडायला हवी. ‘डिपेंड्स’ला एकच गोष्ट कळते: त्यावाचून हे नाही. कर्जत स्टेशनात तेवढे पुरते. पुण्याकडे जाणाऱ्या कितीतरी लांब पल्ल्याच्या गाड्यांना भोर घाटाच्या चढासाठी तिथे मागून बँकर इंजिने लागतात. ती लागल्याशिवाय गाडी सुटत नाही, आणि तासभर उशीर झाला म्हणून डबे काही नासत नाहीत. रोपाचे तसे नाही. हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या भाताचे रोप एकवीस-पंचवीस दिवसांत लावायचे. वय झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात. पाऊस दडी मारून बसला आणि चिखलणी रखडली, तर अ‍ॅपच्या लेखी लावणी फक्त ‘अडलेली’ आहे, उणे पाच घेऊन शांत. खाचराबाहेर रोप मात्र म्हातारे होत असते.

डॉ. नारायण सावंत यांची भाताची चारसूत्री लागवड या हिशेबात घातली की हे आणखी उघड होते. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट ही ती चार सूत्रे. चूड, म्हणजे रोपांचे झुबके, दोन्ही दिशांनी आळीपाळीने १५ आणि २५ सेंटिमीटरवर लावायचे. मग चार चुडांचा चौकोन तयार होतो आणि त्याच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट हाताने खोल खोचायची. हेक्टरी ६२,५०० चौकोन, तेवढ्याच ब्रिकेट. अंतर चुकले तर चौकोनच नाही, म्हणजे चौथे सूत्र तिसऱ्यावर पुरते अवलंबून. ते ‘डिपेंड्स’मध्ये चपखल बसते. पण ब्रिकेट खोचायची लावणीच्याच दिवशी, आणि हा ‘त्याच दिवशी’ लिहायला इथे जागा नाही.

तरीही मी हेच अ‍ॅप सुचवीन, एका पुस्तीसह. पेरणी झाली अशी खूण केली की त्याच संध्याकाळी रोप काढण्याच्या कामाला ‘ड्यू:टुडे+२१डी’ जोडावे. मुदत जवळ येईल तसे त्याचे गुण चढत जातात. तोवर चिखल झालेला नसेल, तर पंप भाड्याने आणायचा की रोपाचे वय वाढू द्यायचे, हा निर्णय तरी वेळेवर समोर येतो.